वाफेच्या इंजिनाला तेल द्यायचे कसे : वाती, ऑइल कप आणि ल्युब्रिकेटर यांची नवशिक्यांसाठी ओळख

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली जुनी मिल, १८७७ साली स्थापन झाली. त्या काळी गिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत आणि इंजिनघरात तेल देण्याचे काम ही एक स्वतंत्र जबाबदारी मानली जाई. पुढे १८९७ साली आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावू लागली आणि १९११ मध्ये लातूरला, तर १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. त्या गाडीची इंजिनेही लांब चोचीच्या ऑइल कॅनवर तितकीच अवलंबून होती जितकी कोळशावर आणि पाण्यावर. हे काम रोज हाताने करणारी पिढी आता विरळ झाली आहे. मात्र भंगारातून वाचवलेले एखादे जुने इंजिन पुन्हा फिरते करू पाहणारे तरुण, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि लहान चालती इंजिने स्वतः घडवणारे हौशी लोक आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

येथे एक सिलिंडर असलेले, आडवे, सरकत्या व्हॉल्व्हचे (म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी झडप मागेपुढे सरकणारी असते असे) आणि संपृक्त, म्हणजे बॉयलरमधून आल्यावर आणखी न तापवलेल्या वाफेवर चालणारे इंजिन गृहीत धरले आहे, कारण शिकायला तेच सर्वांत सोपे. बॉयलरची तपासणी, त्याचा परवाना आणि तो चालवण्यासाठी लागणारा प्रमाणपत्रधारक परिचर हा वेगळा विषय आहे. ती व्यवस्था झाल्याशिवाय इंजिनाला वाफ जोडू नये, एवढे सांगून मी तेलाकडे वळतो.

आधी इंजिनाभोवती एक फेरी

नवशिक्याने तेलाचा डबा उघडण्यापूर्वी थंड इंजिनाभोवती वही घेऊन फिरावे आणि जिथे जिथे धातूवर धातू घासतो अशी प्रत्येक जागा लिहून काढावी. मुख्य शाफ्टची दोन बेअरिंगे, क्रँकपिन (शाफ्टच्या क्रँकला फिरवणारी दांडी जिथे जोडली जाते ती पिन), क्रॉसहेडची (पिस्टन रॉड आणि ती दांडी यांना जोडणाऱ्या सरकत्या ठोकळ्याची) पिन, क्रॉसहेड ज्यावर सरकतो त्या पट्ट्या, एक्सेंट्रिक (व्हॉल्व्ह हलवणारी, शाफ्टवर मध्य सोडून बसवलेली चकती), व्हॉल्व्ह रॉडचे सांधे आणि गव्हर्नरच्या (वेग सारखा राखणाऱ्या यंत्रणेच्या) पिना या बाहेरच्या जागा झाल्या. पिस्टन, सिलिंडरची आतली भिंत आणि सरकता व्हॉल्व्ह या आतल्या जागा, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि म्हणूनच विसरल्या जातात. प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक रंगाने इंजिनावरही लिहावा. जुन्या इंजिनावर रंगाच्या आणि चिकट मळाच्या थराखाली एखादे तेलाचे भोक हमखास बुजलेले असते. ते तारेने मोकळे करून आतपर्यंत रॉकेल सोडून पाहावे आणि रॉकेल बेअरिंगमधून बाहेर आल्याखेरीज ते भोक चालू आहे असे समजू नये.

बाहेरच्या आणि आतल्या जागांमधला हा भेद साऱ्या विषयाचा पाया आहे. बाहेरच्या जागेवर तेल जायला अडथळा नसतो. तेथे प्रश्न असतो तो मापाचा, म्हणजे दिवसभर थोडे थोडे तेल न चुकता कसे पडत राहील याचा. आत मात्र वाफेचा दाब असतो, आणि त्या दाबाविरुद्ध तेल ढकलल्याशिवाय ते आत जाणारच नाही. म्हणून दोन्हीकडची साधनेही वेगळी आणि तेलेही वेगळी.

दोन डबे, दोन तेले

बाहेरच्या बेअरिंगांना साधे खनिज मशीन ऑइल चालते. मध्यम आकाराच्या, सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला व्हीजी १०० च्या आसपासचे तेल योग्य पडते. या क्रमांकाचा अर्थ असा की चाळीस अंश सेल्सिअसला त्या तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, सुमारे १०० सेंटिस्टोक असते.

सिलिंडरचे तेल हा वेगळाच पदार्थ आहे. वाफेचा दाब सात बार असेल, तर आतले तापमान १७० अंशांच्या घरात असते. या उष्णतेत साधे मशीन ऑइल पाण्यासारखे पातळ होते, आणि सिलिंडरच्या भिंतीवर साचणारे पाणी ते धुऊन नेते. म्हणून सिलिंडर ऑइल मुळातच फार दाट, व्हीजी ४६० किंवा ६८० चे असते आणि त्यात थोड्या प्रमाणात प्राणिज चरबी मिसळलेली असते. चरबीमुळे तेल ओल्या धातूलाही धरून राहते. पूर्वी नुसती चरबीच वापरत, पण वाफेचे दाब वाढले तसे चरबीचे विघटन होऊन आम्ले तयार होऊ लागली आणि त्यांनी लोखंड खाल्ले.

दुकानात स्टीम सिलिंडर ऑइल नावाने मागितल्यावर पुष्कळदा समोरचा माणूस ‘तेच आहे, जाडच आहे’ म्हणत गिअर ऑइलचा डबा पुढे करतो. तो घेऊ नये. गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त रसायने असतात आणि ती उष्णतेत पितळ व ब्राँझच्या भागांना खराब करू शकतात. मोटारीचे इंजिन ऑइलही नको, कारण त्यातील मळ धुणारी द्रव्ये तेल आणि पाणी यांचा दुधासारखा घोळ करतात, आणि पुढे सांगितलेला ल्युब्रिकेटर, म्हणजे सिलिंडरला तेल देणारे साधन, तर तेल-पाणी वेगळे राहण्यावरच चालतो. योग्य तेल मिळेपर्यंत थांबावे, हा माझा आग्रह आहे.

दोन्ही तेलांचे ऑइल कॅन वेगळ्या रंगांनी रंगवावेत आणि प्रत्येक वेळी तेल बारीक जाळीतून गाळून भरावे. आपल्याकडे मार्च ते मे या काळात वाऱ्याबरोबर येणारी धूळ उघड्या डब्यात बसते, आणि ती बेअरिंगमध्ये गेली की पॉलिश पेपरचे काम करते.

बाहेरची साधने

सर्वांत जुने साधन म्हणजे नुसते भोक आणि त्यावरचे झाकण. गव्हर्नरच्या पिनांसारख्या हलक्या जागांना ते पुरते. तासा-दोन तासांनी दोन थेंब टाकले की झाले.

त्यापुढची वात मात्र नीट समजून घ्यावी, कारण ती फुकटात तयार होते आणि बरोबर बसली तर वर्षानुवर्षे चालते. बेअरिंगच्या वर एक छोटी तेलपेटी असते. तिच्या तळातून एक नळी उभी वर येते आणि तिचे तोंड तेलाच्या पातळीपेक्षा उंच असते. लोकरीच्या धाग्याची वात तेलात बुडवून तिचे दुसरे टोक या नळीत खाली सोडतात. समईच्या वातीत तेल जसे वर चढते तसेच ते इथेही चढते, आणि नळीतले टोक पेटीतल्या तेलाच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे तेथून थेंब थेंब गळत राहते. कचरा पेटीतच राहतो आणि बेअरिंगला गाळलेले तेल मिळते.

वात करण्यासाठी पातळ तांब्याची तार दुहेरी दुमडावी, तिच्या बेचक्यात लोकरीचे धागे अडकवावेत आणि तारेला पीळ द्यावा. तारेचे टोक नळीत खाली जाते, धाग्यांच्या शेपट्या तेलात राहतात. नळीतले टोक फिरत्या शाफ्टला टेकता कामा नये, नाहीतर शाफ्ट वात ओढून घेतो. दोन-तीन धाग्यांनी सुरुवात करावी. तेल कमी पडले तर धागे वाढवावेत, जास्त झाले तर काढावेत. तयार वात बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजत ठेवावी, कारण कोरडी वात पहिला थेंब सोडायला फार वेळ लावते आणि तेवढ्यात बेअरिंग तापू शकते.

सोलापुरात सुताला तोटा नाही, त्यामुळे सुती धागाच वापरण्याचा मोह होतो. सूत तेलात भिजल्यावर दबून गच्च बसते. लोकर मात्र आपला फुगीरपणा टिकवते आणि तेलाला वाट मोकळी ठेवते. दुसरी अडचण अशी की विणकामासाठी ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो. एक तुकडा काडीने पेटवून पाहावा. जळालेल्या केसांचा वास आला आणि चुरगळणारी राख राहिली तर लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर तो धागा परत करावा. सांगोला-मंगळवेढ्याकडे घोंगड्या विणणाऱ्यांकडून मिळालेली जाडीभरडी लोकरही चालते, फक्त ती आधी धुऊन तिच्यातली माती काढावी लागते.

इंजिन उभे असले तरी वातीतून तेल गळतच राहते, म्हणून काम संपले की वाती उचलून पेटीत आडव्या ठेवायच्या. क्रँकपिन किंवा एक्सेंट्रिक यांसारख्या स्वतः फिरणाऱ्या भागांवरच्या तेलपेटीत मात्र लटकती वात नसते. तेथे नळीत तारेवर गुंडाळलेल्या लोकरीचा बोळा सैलसर बसवतात. भाग हलू लागला की तेल हिंदकळून नळीच्या तोंडावर येते आणि बोळ्यातून झिरपते. भाग थांबला की तेलही थांबते. बोळा घट्ट बसवला तर काहीच झिरपत नाही आणि फारच सैल सोडला तर पेटी लगेच रिकामी होते. हा अंदाज केवळ सवयीने येतो.

काचेचा ऑइल कप नवशिक्याला जास्त आवडतो, कारण थेंब दिसतो. काचेच्या कुपीच्या मध्यातून एक सुई खाली जाते. वरची छोटी दांडी उभी केली की सुई उचलली जाऊन तेल सुरू होते, आडवी केली की बंद होते. थेंबांचा वेग खालच्या खाचदार नटाने ठरवतात. मुख्य बेअरिंगला मिनिटाला दहा-बारा थेंबांपासून सुरुवात करून, बेअरिंग थंड राहते असे दिसल्यावर हळूहळू कमी करावे. इथे सोलापूरच्या हवेचा हिशेब धरायलाच हवा. डिसेंबरच्या सकाळी पंधरा अंशांना लावलेला वेग आणि मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंशांना पडणारे थेंब यांत कित्येक पटींचा फरक पडतो, कारण तेल तापताच पातळ होते. उन्हाळ्यात तर एकाच दिवसात सकाळी आणि दुपारी असे दोनदा थेंब मोजून नट फिरवावा लागतो. थेंब अचानक थांबले तर सुईला हात लावण्यापूर्वी झाकणातले हवेचे बारीक भोक पाहावे. ते बुजले की कुपीत तेल असूनही खाली येत नाही.

क्रँकपिन सतत गोल फिरत असल्यामुळे तिला कुपीतून तेल देणे अवघड असते. यावर फार सुंदर उपाय आहे. शाफ्टच्या अक्षरेषेवर मध्यभागी एक पोकळ कडे बसवतात आणि त्यापासून क्रँकपिनपर्यंत एक नळी नेतात. स्थिर कुपीतला थेंब कड्यात पडतो आणि फिरण्याच्या जोराने बाहेर फेकला जाऊन नळीतून थेट पिनमध्ये पोहोचतो. इंजिन अगदी सावकाश फिरत असताना हा जोर पुरेसा नसतो, म्हणून सुरू करण्यापूर्वी पिनमध्ये हाताने तेल सोडावे.

काही मुख्य बेअरिंगांत शाफ्टवर एक सैल कडी लटकते आणि खालच्या तेलात बुडून फिरता फिरता तेल वर आणते. तेथे फक्त पातळी पाहायची आणि झाकण उघडून कडी खरोखर फिरते आहे याची खात्री करायची. ग्रीस कपचे झाकण पाळीला एकदा पाव फेरा आवळले की पुरते. मोठ्या वेगाच्या बंद इंजिनांत पंपाने दाबाखाली तेल पोहोचवण्याची पद्धत बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतील आल्बर्ट पेन यांनी १८९० मध्ये आणली, पण तसे इंजिन नवशिक्याच्या हाती सहसा येत नाही.

दाबाविरुद्ध तेल

सिलिंडरला तेल देण्याचे सुरुवातीचे साधन म्हणजे दोन कॉक, म्हणजे तोट्या, असलेली वाटी. खालचा कॉक बंद ठेवून वरून तेल भरायचे, वरचा बंद करायचा आणि मग खालचा उघडायचा. यातून तेल एकदम घोटभर जाते आणि पुढच्या घोटापर्यंत सिलिंडर कोरडा राहतो. जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्ये विस्थापनावर चालणारा ल्युब्रिकेटर आणला आणि तेल सलग मिळू लागले. रेल्वे इंजिनावर फायरमन म्हणून काम केलेल्या एलायजा मॅकॉय यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत स्वयंचलित ल्युब्रिकेटरचे पेटंट घेतले. गाडी थांबवून तेल घालण्याचा त्रास त्यांनी रोजच्या कामात पाहिला होता.

विस्थापनाचा ल्युब्रिकेटर म्हणजे तेलाने भरलेले एक बंद भांडे आणि वाफेच्या नळीशी त्याला जोडणारी बारीक वाट. त्या वाटेने थोडी वाफ भांड्यात येते, थंड होऊन तिचे पाणी होते, पाणी जड म्हणून तळाशी जाते आणि तेवढेच तेल वर ढकलले जाऊन वाफेच्या नळीत उतरते. पुढे वाफच ते तेल व्हॉल्व्ह आणि सिलिंडरपर्यंत वाहून नेते. यात एकही हलता भाग नाही. भांडे थंड राहिले तरच वाफेचे पाणी होणार, म्हणून वाफेच्या नळीला ॲस्बेस्टॉसविरहित दोर किंवा लोकरीचे आवरण गुंडाळताना ल्युब्रिकेटर उघडाच ठेवावा. पंख्याच्या झोतात आणि बंद खोलीत त्याचा वेग वेगवेगळा असतो.

भरण्याचा क्रम पाठ करावा. प्रथम वाफेकडचा व्हॉल्व्ह बंद करावा. मग तळाचा ड्रेन कॉक अगदी थोडा उघडून दाब जाऊ द्यावा. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच पाणी सोडून द्यावे, ड्रेन बंद करावा, वरचा प्लग हळूहळू उघडावा आणि तेल भरावे. हा क्रम चुकला तर उकळते तेल तोंडावर येते. येथे घाईला जागा नाही.

ड्रेनमधून निघालेले पाणी फेकू नये. ते औषधाच्या मापाच्या पेल्यात घ्यावे. जेवढे पाणी भांड्यात आले तेवढेच तेल सिलिंडरला गेले, म्हणून हे पाणी म्हणजे दिवसभराच्या तेलाचा चोख हिशेब आहे. पेल्यात पाणीच नसेल तर वाट बुजली आहे आणि सिलिंडर कोरडा चालला आहे. पाणी अपेक्षेपेक्षा फार जास्त असेल, तर इंजिन उभे असताना व्हॉल्व्ह उघडा राहिला असावा, कारण वाफ आहे तोवर हा ल्युब्रिकेटर थांबत नाही.

याचीच सुधारित आवृत्ती म्हणजे थेंब दिसणारा ल्युब्रिकेटर. त्यात भांड्याच्या वर वाफेचे पाणी करणारी वेगळी घुमटी असते, आणि तिच्यातल्या पाण्याच्या स्तंभाचा भार वाफेच्या दाबात मिळून तेलाला पुढे ढकलतो. पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत तेलाचा थेंब तळच्या टोकावर फुगतो, क्षणभर चिकटून राहतो आणि सुटून वर चढतो. लहान इंजिनाला मिनिटाला दोन ते चार थेंबांपासून सुरुवात करावी. वाफ उघडल्यावर घुमटीत पाणी साचेपर्यंत थांबावे आणि मगच थेंबाचा व्हॉल्व्ह उघडावा. बंद करताना आधी थेंबाचा व्हॉल्व्ह बंद करावा. नवे तेल भरल्यावर घुमटीकडचा पाण्याचा व्हॉल्व्ह लगेच उघडा करावा, कारण सगळीकडून कोंडलेले थंड तेल तापून फुगले तर काच किंवा भांडे फुटू शकते. काच बदलताना प्रयोगशाळेतली साधी नळी कधीही लावू नये. तिच्यावर वाफेचा पूर्ण दाब असतो, म्हणून त्याच कामासाठी बनवलेली काच आणि तिच्यासमोर जाळी हवीच.

यांत्रिक ल्युब्रिकेटर हा मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. इंजिनाच्याच एखाद्या हलत्या दांडीने रॅचेट (एकाच दिशेने फिरणारे दातेरी चाक) फिरते, रॅचेट छोटा प्लंजर पंप चालवते आणि प्रत्येक फेऱ्याला ठरलेले तेल दाबाने जाते. इंजिन जोरात फिरले तर तेल जास्त, थांबले तर बंद. सुरू करण्यापूर्वी हाताच्या चाकाने वीस-पंचवीस फेरे देऊन नळी तेलाने भरून घ्यावी. सिलिंडरजवळचा सांधा सैल करून तेथून बुडबुड्यांशिवाय तेल आले की मगच सांधा आवळावा. नळी वाफेला मिळते तिथे उलट येणारी वाफ अडवणारा चेक व्हॉल्व्ह असतो. चालू इंजिनावर पंपाकडची नळी गरम लागली तर तो व्हॉल्व्ह गळतो आहे असे समजावे.

चालू दिवसाचा क्रम आणि खुणा

सकाळी प्रथम बाहेरच्या सर्व जागा क्रमांकाने भराव्यात, वाती सोडाव्यात आणि इंजिन हाताने एक-दोन फेरे फिरवावे. नंतर सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवून सावकाश वाफ देऊन सिलिंडर तापवावा आणि ल्युब्रिकेटर सुरू करावा. चालू इंजिनात हात, कपड्याचे टोक किंवा कॉटन वेस्टचा बोळा कधीही नेऊ नये. कॉटन वेस्टचा एक सुटा धागा क्रँकने पकडला तरी तो हात ओढतो. बेअरिंगची उष्णता इंजिन थांबवून, हाताच्या मागच्या बाजूने पाहावी. उन्हाळ्यात सगळेच लोखंड तापलेले असते, म्हणून इन्फ्रारेड तापमापीने हवा आणि बेअरिंग यांतला फरक मोजून वहीत लिहावा आणि कालच्या फरकाशी ताडून पाहावा.

पिस्टन रॉडवर तेलाचा बारीक, सारखा चकाकणारा थर दिसला की आत सारे ठीक आहे. रॉड कोरडा, राखी दिसू लागला किंवा व्हॉल्व्हमधून करकर ऐकू आली, तर लगेच थेंब वाढवावेत. बोअरचे जड पाणी बॉयलरमध्ये फेसाळते, वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये येते आणि तेल धुऊन नेते, त्यामुळे अशा दिवशी दोष ल्युब्रिकेटरचा आहे असे मानण्यापूर्वी बॉयलरच्या पाण्याकडे पाहावे. उलट, जास्त तेलही बरे नाही. बाहेर पडणाऱ्या वाफेतले तेल, ती थंड होऊन झालेल्या पाण्याबरोबर परत बॉयलरमध्ये गेले तर त्याचा पातळ थरही पत्रा जास्त तापवायला पुरेसा असतो. म्हणून ते पाणी पुन्हा वापरायचे असेल, तर मध्ये तेल वेगळे करणारी टाकी हवी. नसेल तर ते पिंपात साठवून वरचे तेल काढून घ्यावे आणि गटारात सोडू नये.

इंजिन पावसाळाभर उभे राहणार असेल, तर शेवटच्या काही फेऱ्यांत सिलिंडरला नेहमीपेक्षा जास्त तेल द्यावे, म्हणजे भिंतीवर थर राहतो. मग वाफ बंद करून सर्व ड्रेन उघडे ठेवावेत, ल्युब्रिकेटरमधले पाणी काढावे, वाती रॉकेलमध्ये धुऊन वाळवाव्यात आणि तेलपेट्यांची झाकणे कापडाने बांधावीत. दर पंधरवड्याला इंजिन हाताने फिरवून प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा थोड्या वेगळ्या कोनात थांबवावे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा एकाच जागी बसून तेथे गंज धरणार नाही.